वासोट्याचं परमिट, बोट आणि सॅकमधल्या बाटल्यांची मोजणी : एक रिव्ह्यू

सातारा जिल्ह्यातल्या वासोटा किल्ल्याचा ट्रेक कसा आहे हे सांगणारे ढिगाने भेटतील, आणि फोटोही सगळ्यांचे तेच, गडावरच्या बाबूकड्याच्या टोकाला पाठमोरं उभं राहून हात पसरलेले. त्यामुळे गडाबद्दल मी थोडक्यातच लिहिणार आहे. हा रिव्ह्यू आहे गडाच्या आधी जे काही पार पाडावं लागतं त्याचा, म्हणजे परमिट, बोट, चेकपोस्टवरची तपासणी, वेळा आणि काय न्यायचं, काय नाही. लोक वैतागतात ते इथेच, चढावर नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. व्यवस्था कडक आहे, जरा किचकट आहे, सवय नसेल तर डोक्यात जाते, पण सह्याद्रीत जिथे जिथे गडावर जाण्यासाठी काही नियम पाहिलेत त्यात मला सगळ्यात जास्त पटलेली व्यवस्था हीच. ५ पैकी ४ स्टार. एक का कापला ते पुढे येईल.

आता पहिला प्रश्न जो प्रत्येक ग्रुपमध्ये कोणीतरी विचारतोच, की बाबा राजगडाला नाही लागत, तोरण्याला नाही लागत, मग इथेच परमिट कशाला? तर वासोटा आहे कोयना अभयारण्याच्या आत. हे अभयारण्य १९८५ सालचं. २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेला, सगळा मिळून साधारण ११६५ चौरस किलोमीटर. आणि २०१२ ला युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत घेतल्या त्यात महाराष्ट्रातल्या चार आहेत, कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी. म्हणजे साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला गेलात आणि पुढे वासोटा केलात तर एकाच दिवसात त्यातल्या दोन तुमच्या होतात. सांगायचा मुद्दा हा की तुम्ही गडावर जात असलात तरी सरकारदरबारी तुम्ही जंगलात शिरताय, आणि जंगलाचा कायदा वेगळा.

तो कायदा म्हणजे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्यातलं कलम २७ सांगतं की अभयारण्यात परवान्याशिवाय शिरायचं नाही आणि कलम २८ सांगतं की परवाना कशाकशासाठी मिळतो, अभ्यास, फोटोग्राफी, संशोधन, पर्यटन वगैरे. ट्रेकिंगवाले आपण त्या पर्यटनात येतो. आत आग लावायची नाही हे कलम ३० मध्ये आहे, शस्त्र न्यायचं नाही हे ३१ मध्ये, आणि कचरा टाकायचा नाही, प्राण्यांना त्रास द्यायचा नाही हे तर २७ मध्येच लिहून ठेवलंय. त्यामुळे चेकपोस्टवरच्या गार्डने चूल पेटवू नका म्हटलं की काही जण ‘ह्यांच्या बापाचं जंगल आहे का’ असं पुटपुटतात ना, त्यांनी हे एकदा वाचावं. तो त्याच्या मनाने काही सांगत नसतो.

आणि ‘महाराजांचा गड, आम्हाला कसली परवानगी’ हा डायलॉग तर इथे अजिबात चालत नाही. मराठेशाहीत वासोटा तुरुंग म्हणून वापरला गेलाय! दुसऱ्या बाजीरावाने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या घरच्यांना इथे आणून ठेवलं होतं, हंटर आणि मॉरिसन नावाचे दोन इंग्रज अधिकारीही इथेच कैदेत होते आणि १८१८ ला इंग्रजांनी गड घेतला तेव्हा सुटले. त्याच्याही आधी पंतप्रतिनिधींच्या बाजूने लढणाऱ्या ताई तेलिणीने ह्या गडाच्या जोरावर पेशव्यांचे सरदार बापू गोखले ह्यांना कित्येक महिने दाद दिली नव्हती. म्हणजे ह्या गडावर मनाला येईल तेव्हा जाणं-येणं कधीच नव्हतं, आत्ता निदान फॉर्म भरून सोडतात तरी.

बरं, आता प्रत्यक्ष काय करायचं.

वासोट्याच्या पायथ्याला थेट गाडी जात नाही. मध्ये कोयना धरणाचं पाणी आहे, शिवसागर जलाशय. पलीकडच्या काठाला मेट इंदवली, जे गाव आता उठलंय, फक्त नाव आणि वनखात्याची चौकी उरलीय. तिकडे जायचं तर बोट, आणि बोट मिळते बामणोलीला. शेंबडी, मुनावळे, महाबळेश्वरकडून आलात तर तापोळा, इथूनही बोटी सुटतात, पण पहिल्यांदा जात असाल तर सरळ बामणोली धरा कारण परमिटचं काम आणि बोट दोन्ही तिथेच होतं आणि साताऱ्याहून एसटी पण येते. साताऱ्यापासून बामणोली पस्तीस-चाळीस किलोमीटर, कास तलावावरून पुढे. अंतर कमी वाटतं पण वळणं आहेत आणि सकाळी धुकं असतं, तेव्हा तासाच्या वर धरा.

बामणोलीत उतरलं की आधी वनखात्याच्या काउंटरवर फॉर्म. ग्रुपमधल्या सगळ्यांची नावं, वय, गाव, आणि ओळखपत्र. ओळखपत्र ओरिजिनल जवळ ठेवा, मोबाईलमधला फोटो दाखवून काम होईल ह्या भरवशावर राहू नका, कारण तिथे रेंजचा पत्ता नसतो आणि ज्याचं आधार डिजीलॉकरमध्ये आहे तो आकाशाकडे फोन धरून फिरताना मी स्वतः पाहिलाय. पैसे रोख न्या, सुट्टे न्या. माणशी प्रवेश फी असते, कॅमेऱ्याचं वेगळं, बोटीचं वेगळं, गाईड सोबत घ्यायला सांगितला तर त्याचं वेगळं. दर मी मुद्दाम लिहीत नाहीये. ते बदलत असतात, आणि मग लोक कुठला तरी जुना रिव्ह्यू मोबाईलवर दाखवून काउंटरवर हुज्जत घालतात, त्या पापात मला वाटा नको. गाईडच्या पैशांवरून तर अजिबात घासाघीस करू नका. बहुतेक वेळा तो ह्याच काठावरचा माणूस असतो, ज्याच्या आजोबांची शेती आपण बोटीतून जातो त्या पाण्याखाली आहे.

परमिट झालं की बोट. आणि इथे माझा कापलेला एक स्टार येतो. बोटीचं भाडं अख्ख्या बोटीचं असतं, माणशी नाही. दहा-बारा जणांचा ग्रुप असेल तर वाटून काही वाटत नाही, पण दोघं किंवा तिघं गेलात तर खिशाला चांगलीच कात्री लागते. नवराबायको मिळून गेलात तर जेवढे पैसे पुण्याहून येण्याजाण्यात गेले तेवढे एका बोटीत जातील. ह्याच्यावर उपाय म्हणजे काठावर उभं राहून अजून कोण छोटे ग्रुप आहेत ते बघायचं आणि जोडी जमवायची, आणि हे काम फॉर्म भरायच्या आधी करायचं, नंतर नाही, नाहीतर नावं एकीकडे आणि माणसं दुसरीकडे असा घोळ होतो. शनिवार-रविवारी जोडीदार लगेच मिळतात, मधल्या वारी तासभर वाट बघायची तयारी ठेवा. खरं तर सीट प्रमाणे दोन ठरावीक वेळांना बोट सोडली तर एकट्यादुकट्या माणसाची केवढी सोय होईल. बोटवाल्यांना विचारलं तर ते म्हणतात, ‘दादा, अर्धी बोट घेऊन गेलो तरी डिझेल तेवढंच जळतं’, आणि त्यांचंही बरोबर आहे, म्हणून जास्त नाही, एकच स्टार कापला.

लाईफ जॅकेट देतात, घाला. उकडतं, वास मारतं, फोटोत जाड दिसतो, सगळं मान्य, तरी घाला. पाणी खोल आहे आणि बोटीत बावीस वर्षांची मुलं सेल्फीसाठी एका बाजूला धावतात तेव्हा बोटवाल्या मामांचा जो आवाज चढतो तो ऐकण्यासारखा असतो.

बोटीचा प्रवास तासाभराचा, कधी जास्त, बोट कुठली आणि वारा कसा त्यावर. हा तास मला सगळ्या दिवसातला सगळ्यात आवडता. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पाणी काठोकाठ असतं आणि बोट जवळजवळ चौकीच्या पायऱ्यांशी नेऊन उभी करतात. एप्रिल-मेमध्ये गेलात तर पाणी पार खाली गेलेलं असतं, मग बोट लांबच थांबते आणि सुकलेल्या भेगाळलेल्या गाळावरून चालत चौकीपर्यंत जायचं, जाताना ठीक, येताना दुपारच्या उन्हात तोच पट्टा जीव काढतो. आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर हा फरक लक्षात घ्या, बोटीत चढणं-उतरणंही पाणी भरलेलं असताना सोपं.

पावसाळ्यात बंद, हे तर सांगायला नको पण सांगतो कारण दरवर्षी जुलैमध्ये कोणीतरी विचारतंच. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत प्रवेश बंद असतो. नक्की तारीख निघायच्या आधी फोन करून विचारून घ्या, पाऊस लांबला की उघडणं पण लांबतं. उघडल्या उघडल्या गेलात तर जंगल हिरवंगार, ओढ्याला पाणी, आणि जळवा. मीठ किंवा तंबाखूची पुडी मोज्यात, बास. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. फक्त नाताळाचा आठवडा आणि जोडून सुट्ट्या टाळा, तेव्हा काउंटरवर, जेट्टीवर आणि चढावर तिन्हीकडे रांग असते आणि जंगलात आलोय की तुळशीबागेत तेच कळत नाही.

आता माझा आवडता भाग. मेट इंदवलीची चौकी.

बोटीतून उतरलात की चौकीवर सॅक उघडायची. सगळ्यांनी. गार्ड एकेक सॅक बघतो आणि त्यातलं प्लॅस्टिक मोजतो, पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, बिस्किटांचे पुडे, ब्रेडची पिशवी, आणि रजिस्टरमध्ये ग्रुपच्या नावापुढे आकडा लिहितो. डिपॉझिट घेतात. परत येताना तेवढंच प्लॅस्टिक दाखवायचं, मग डिपॉझिट परत. एवढंच. ह्यात अ‍ॅप नाही, क्यूआर कोड नाही, एक वही, एक पेन आणि मोजणारा माणूस. आणि त्याचा परिणाम तुम्हाला वाटेत दिसतो. वासोट्याची वाट आणि हरिश्चंद्रगडाची वाट एकापाठोपाठ एक बघा, मला अजून काही सांगायची गरज नाही.

आम्ही गड उतरून चौकीवर आलो तेव्हा आमच्या पुढे एक बारा-तेरा जणांचा ग्रुप होता, ऑफिसवाले, एकसारखे टी-शर्ट. रजिस्टरमध्ये त्यांच्या चौदा बाटल्या होत्या आणि हिशेबात तेरा निघत होत्या. गार्ड शांतपणे म्हणाला, ‘बघा, असंल कुठंतरी, घाई नाय.’ झालं, सगळ्यांनी सॅका जमिनीवर उलट्या केल्या. टॉवेल, ओडोमॉसची ट्यूब, अर्धी खाल्लेली चिक्की, कोणाचे तरी ओले मोजे, एकाच्या सॅकमधून तर चक्क इस्त्रीची पँट निघाली, ती कशाला आणली ते त्यालाही सांगता आलं नाही. त्यांचा टीम लीडर पैसे घ्या आणि सोडा म्हणून मागे लागला, गार्ड म्हणाला, ‘साहेब, पैशाचं नाय, बाटली पाहिजे.’ शेवटी एका मुलीच्या सॅकच्या बाजूच्या जाळीत, जिथे छत्री ठेवतात तिथे, चेपून अगदी चपटी केलेली ती चौदावी बाटली सापडली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, गार्डने पण हसत हसत वहीत टिक केली. मागे आम्ही पंधरा मिनिटं उभे, पण कोणी कुरकुर केली नाही, उलट जो तो आपापली सॅक चाचपत होता.

टिप एकच, स्टीलची बाटली न्या, डबा न्या, पोळीभाजी सुती फडक्यात बांधून न्या. मोजायलाच काही राहत नाही आणि चौकीवर दोन मिनिटांत सुटका. केळी, खजूर, चिक्की घरच्या डब्यात. वरती विकत काही मिळत नाही, काहीच नाही, त्यामुळे पाणी माणशी तीन लिटर तरी हवंच. गडावर टाकी आहेत, पण त्यातलं पाणी प्यायचं की नाही ते तुमच्या पोटाला विचारा.

बाकी सॅकमध्ये काय नको: दारू, सिगरेट-काडेपेटी, स्पीकर, ड्रोन. दारू तर सोडूनच द्या, पण स्पीकरबद्दल लोकांना खरंच वाईट वाटतं, ‘हळू लावतो’ म्हणतात. अहो, इथे गवे आहेत, बिबट्या आहे, अस्वल आहे. वाघ दिसेल का हा प्रश्न गार्डला विचारू नका, त्याला रोज पन्नास जण विचारतात. व्याघ्र प्रकल्प आहे, वाघ आहेतही, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोबाहून एक वाघीण चांदोलीत आणून सोडली ती बातमी सगळ्यांनी वाचली असेल, पण तुम्हाला तो दुपारी बारा वाजता पायवाटेवर दर्शन देणार नाही. भीती बाळगायची तर अस्वलाची बाळगा, आणि त्यासाठीच ग्रुप सोडून एकट्याने पुढे पळू नका. शेकरू मात्र दिसण्याचा चान्स चांगला आहे, मान वर करून चाललात तर. आम्हाला एक दिसलं, ह्या झाडावरून त्या झाडावर उडी मारताना, शेपूट त्याच्याहून लांब, आणि आमच्यातल्या ज्याच्या गळ्यात मोठा कॅमेरा होता तो नेमका तेव्हा बुटाची लेस बांधत होता.

चढ. चौकीच्या थोडं पुढे ओढा, ओढ्याकाठी मारुतीचं उघड्यावरचं ठाणं, तिथून जंगल सुरू. सुरुवात सावलीतली आणि सोपी, मग कारवी, मग चढ अंगावर यायला लागतो. दीड ते दोन तास. वाट एकदम स्पष्ट आहे, वाटेत एक फाटा नागेश्वरकडे जातो. वर मारुतीचं मंदिर, वाड्याचे अवशेष, महादेवाचं मंदिर, चुन्याचा घाणा, आणि मग तो बाबूकडा, इंग्रजी यू अक्षरासारखा वळलेला, समोर जुना वासोटा म्हणतात तो दुसरा डोंगर. कड्याच्या टोकावर कठडा नाही. पुन्हा लिहितो, कठडा नाही. जुन्या वासोट्यावर जायच्या भानगडीत पडू नका, तिकडे वाट धड नाही आणि तुमच्या परमिटवर तो नाही.

नागेश्वर करायचं असेल तर ते फॉर्म भरतानाच सांगा आणि होईल की नाही ते तिथेच विचारून घ्या. ‘वर गेल्यावर बघू, वेळ उरला तर’ असं चालत नाही. नागेश्वर म्हणजे कड्यातलं गुहेतलं शिवमंदिर, महाशिवरात्रीला कोकणातून खेड तालुक्यातल्या चोरवणे गावाकडून लोक चढून येतात, फार जुनी परंपरा आहे. त्यामुळे काही ट्रेकर्सना वाटतं की चोरवण्याकडून चढलं की चौकी लागत नाही म्हणजे परमिट लागत नाही. लागतं. अभयारण्याची हद्द कोकणाकडून आलात म्हणून बदलत नाही. वाटेत गार्डने पकडलं की मग दंड, नोटीस, फोन, आणि ज्या लोकल माणसाला तुम्ही वाटाड्या म्हणून घेतला होता तो तुमच्याहून जास्त अडकतो, तुम्ही काय दंड भरून पुण्यामुंबईला निघून जाल.

वेळेचं गणित मात्र नीट करा, कारण ह्या सगळ्या प्रकारात खरा मालक घड्याळ आहे. मुक्कामाला बंदी आहे, ना गडावर, ना मेट इंदवलीला, तंबू बांधून नेलात तरी उघडायचा नाही. दिवस मावळायच्या आत बोट परत बामणोलीला लागली पाहिजे. आणि बोटवाला तुमच्यासाठी पलीकडे ठरावीक तासच थांबतो, उशीर झाला तर वरचे पैसे, त्याबद्दल निघतानाच स्पष्ट बोलून घ्या, ‘मामा, किती वाजेपर्यंत थांबणार?’ हा एक प्रश्न विचारला की नंतरचे सगळे वाद मिटतात. आता उलटा हिशेब करा, जायला बोट तास-सव्वा तास, चढ दोन, वर एक-दीड, उतार दीड, परत बोट तास-सव्वा तास, म्हणजे झाले साडेसहा-साडेसात तास, चौकीवरचा वेळ धरलाच नाही. म्हणजे सकाळी आठला बामणोलीत काउंटरसमोर हवं. पुण्याहून त्याच दिवशी येणार असाल तर चारला घर सोडा, मुंबईवाल्यांनी तर हा विचारच करू नये. त्यापेक्षा आदल्या रात्री बामणोली किंवा शेंबडीला राहा, काठावर तंबू, घरगुती जेवण सगळं मिळतं. ते अभयारण्याच्या अलीकडे आहे म्हणून तिथे चालतं. पिठलं-भाकरी आणि ठेचा मागा, मेनूकार्डावर पनीर बटर मसाला दिसेल, त्याच्याकडे बघू नका.

ट्रेक ग्रुपबरोबर जाणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण मी एकदा असाच गेलो होतो. नाव घेत नाही. जाहिरातीत लिहिलं होतं ‘परमिशनसहित सर्व खर्च समाविष्ट’. बस पुण्याहून दीड तास उशिरा निघाली कारण एक सीट रिकामी जाऊ नये म्हणून कोणाची तरी वाट बघत बसले. बामणोलीला पोचलो तर दहा वाजून गेलेले, काउंटरवर रांग, लीडरकडे अर्ध्या लोकांची आयडी नाहीत. बोटीत बसायला अकरा. पलीकडे चौकीवर गार्डने घड्याळ बघून सांगितलं, आता वर पोचून वेळेत खाली यायचं तर वर थांबायला जास्त मिळणार नाही, आणि त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. आमच्यातले निम्मे बाबूकड्याला जेमतेम दहा मिनिटं थांबले, मागचे राहिलेले तर अर्ध्यातूनच फिरले. आणि त्या लीडरने बसमध्ये सगळ्यांसमोर खापर फोडलं ते वनखात्यावर, की बघा कसा त्रास देतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. अरे, तू चारची बस साडेपाचला काढलीस ना!

त्यामुळे ग्रुपला पैसे भरायच्या आधी विचारा: बस किती वाजता सुटणार म्हणजे सुटणार, बोट बुक आहे का, आयडी आधी गोळा करणार का, डिपॉझिट कोणाच्या खिशातून, आणि एका बोटीत किती जण बसवणार. ह्यातल्या कुठल्याही प्रश्नाला ‘सर, टेन्शन नका घेऊ’ असं उत्तर आलं तर दुसरा ग्रुप बघा.

आता ज्यांना वाटतं एवढा जाच कशाला, त्यांच्याशी मी वाद घालून दमलोय. माणसं मोजून सोडली, वेळ बांधून दिली, रात्र नाकारली आणि कचऱ्याचा हिशेब मागितला, एवढ्याने ते जंगल जंगलासारखं राहतंय. कळसूबाईला एकतीस डिसेंबरच्या पहाटे शिडीजवळ जी चेंगराचेंगरी चालते ती बघून आल्यावर मला तर वाटतं अजून चार गडांवर ही वही-पेनवाली मोजणी सुरू व्हावी. शेजारी कासला फुलांच्या सीझनमध्ये दिवसाची मर्यादा आणि ऑनलाईन बुकिंग आलं तेव्हाही असाच आरडाओरडा झाला होता, आता लोक गपचूप बुक करून जातात. फक्त माझं म्हणणं एवढंच की नियम, वेळा, काय न्यायचं नाही, ह्या सगळ्याचा एक साधा कागद लोकांच्या हातात घरूनच निघताना असावा. आत्ता ही माहिती तोंडोतोंडी फिरते, एक सांगतो डिपॉझिट नाही, दुसरा सांगतो आहे, तिसरा सांगतो मे मध्ये बंद असतं, आणि काठावर पोचल्यावर प्रत्येकजण आपल्याला सांगितलं तेच खरं म्हणून भांडतो.

काही जणांनी मेसेजमध्ये विचारलेलं एकत्रच सांगतो. लहान मुलं: सात-आठ वर्षांच्या पुढची, चालायची सवय असलेली असतील तर नक्की न्या, पण बाबूकड्यावर हात सोडायचा नाही. गुडघे दुखणारे: बोटीने मेट इंदवलीपर्यंत या, ओढ्याच्या मारुतीपर्यंत चाला आणि सावलीत बसा, तेवढंही पुष्कळ आहे, परमिट मात्र त्यांचंही काढावं लागतं. एकट्याने: बोटीच्या पैशांमुळे परवडत नाही आणि जंगलामुळे बरं नाही. बुलेटवाले: येताना कासच्या रस्त्याला अंधार पडायच्या आत लागा, संध्याकाळी त्या पट्ट्यात रानडुकरं आडवी येतात, आणि पेट्रोल साताऱ्यातच फुल करून घ्या.